आंब्याच्या वाटेवरचा स्वागतकक्ष : दक्षिण लुआंग्वातील एका प्रकरणाचा अभ्यास

झांबियाच्या पूर्व भागातील दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात, प्रवेशद्वारापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, म्फुवे लॉज नावाचे पर्यटक-निवास आहे. दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की रानटी हत्तींचे एक कुटुंब या निवासाच्या पायऱ्या चढते, स्वागतकक्षातून नोंदणीच्या टेबलापुढून संथपणे चालत जाते, पलीकडच्या अंगणात उतरते आणि तिथल्या झाडाखाली पडलेली पिकली फळे खाऊन परत फिरते. झाडावर फळे असतात तोवर, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, हा क्रम चालू राहतो. एखाद्या दिवशी एकच फेरी होते, एखाद्या दिवशी दोन-तीन होतात. कुटुंबात सुमारे दहा हत्ती असत आणि त्यांच्या पुढे चालणाऱ्या प्रौढ हत्तिणीचा एक सुळा वेडावाकडा असल्यामुळे तिचे नाव 'वॉन्की टस्क', म्हणजे आपल्या भाषेत वाकडदंती, असे पडले होते. टेबलामागे उभे असलेले कर्मचारी आणि त्यांच्यासमोरून जाणारी हत्तीण, हे छायाचित्र पुढे जगभर फिरले.

या छायाचित्राखाली बहुधा लिहिले जाते की हत्ती हॉटेलात 'पाहुणे' म्हणून आले, माणसांना 'भेटायला' आले. प्रकरणाचा अभ्यास करताना ही भाषा प्रथम बाजूला ठेवावी लागते, कारण तिने मूळ प्रश्नच झाकला जातो. पर्यटकांच्या राहण्याजेवण्याच्या जागेत हत्ती येणे ही आफ्रिकेतील अभयारण्यांत नवलाची गोष्ट नाही. तंबू फाडणारे, मोटारीचे दार उघडून पिशव्या ओढणारे, स्वयंपाकघराची भिंत पाडणारे हत्ती अनेक ठिकाणी झाले आहेत आणि त्यांतील कित्येकांचा शेवट वनाधिकाऱ्याच्या बंदुकीने झाला आहे. म्फुवे येथे हत्ती त्या सगळ्यांपेक्षा अधिक आत येतात, छपराखालून जातात, माणसापासून काही पावलांवर उभे राहतात, आणि तरीही गोष्ट त्या वळणावर गेली नाही. असे का झाले, आणि त्यातला किती भाग शहाणपणाचा व किती केवळ योगायोगाचा, हा या लेखाचा विषय आहे.

खोरे, ऋतू आणि झाड

लुआंग्वा ही झांबेझीची उपनदी. तिच्यावर धरण नाही, त्यामुळे पावसाळ्यात ती पात्र बदलत राहते आणि मागे सोडलेल्या जुन्या वळणांतून अर्धचंद्राकार तळी तयार होतात. या तळ्यांच्या काठी प्राण्यांची गर्दी होते आणि म्हणूनच बहुतेक निवासही तिथेच बांधले गेले आहेत. म्फुवे लॉजसुद्धा अशाच तळ्यांच्या काठावर आहे. उद्यानाचे क्षेत्र ९,०५० चौरस किलोमीटर आहे. १९३८ मध्ये येथे शिकार-राखीव क्षेत्र झाले आणि १९७२ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. वन्यजीव-अधिकारी नॉर्मन कार यांनी १९५० मध्ये न्सेफू या स्थानिक जमातप्रमुखाशी बोलणी करून येथे पर्यटकांसाठी पहिली छावणी उभारली, आणि तिच्या उत्पन्नाचा वाटा स्थानिक लोकांना दिला. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन येणाऱ्या माणसाकडूनही गावाला पैसा मिळू शकतो, ही कल्पना त्या काळी बरीच धाडसी होती. पुढे पायी भ्रमंतीसाठी हे खोरे प्रसिद्ध झाले.

मधली दोन दशके मात्र भयंकर होती. १९७० आणि १९८० च्या दशकांत हस्तिदंतासाठी येथील हत्तींची प्रचंड प्रमाणात कत्तल झाली आणि काळा गेंडा तर खोऱ्यातून नाहीसाच झाला. या कत्तलीची खूण हत्तींच्या चेहऱ्यावर उरली. दक्षिण लुआंग्वा आणि त्याला लागून असलेल्या लुपांडे परिसरातील माद्यांमध्ये जन्मतः सुळे नसलेल्यांचे प्रमाण १९६९ मध्ये १०.५ टक्के होते, ते १९८९ मध्ये ३८.२ टक्क्यांवर गेले. सुळे असणारे मारले गेले, नसणारे वाचले आणि त्यांचीच पिल्ले वाढली. एखाद्या हत्तिणीला तिच्या वाकड्या सुळ्यावरून नाव पडावे, यात गंमत आहेच, पण या खोऱ्यात सुळा असलेली मादी कळपाची म्होरकी होईपर्यंत जगली हेही त्यात आले.

ऋतूचा हिशोब समजल्याशिवाय झाडाचे महत्त्व कळत नाही. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. ऑक्टोबरमध्ये पारा चाळीस अंशांच्या आसपास पोहोचतो, गवत वाळून पडते, मोपाने वृक्षांची पाने झडतात किंवा तांबूस होऊन लोंबतात, आणि दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा लागणारा हत्ती साली सोलण्यावर व फांद्या मोडण्यावर येतो. पाऊस नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, पण त्याचे हिरवे फळ जमिनीवर दिसायला आणखी काही दिवस जातात. नेमक्या या टंचाईच्या तोंडावर खोऱ्यातला 'जंगली आंबा' पिकू लागतो.

हा आंबा आपला नव्हे. लुआंग्वात ज्याला जंगली आंबा म्हणतात त्याचे शास्त्रीय नाव कॉर्डिला आफ्रिकाना असून तो शेंगावर्गातला वृक्ष आहे. म्हणजे नात्याने तो हापूसपेक्षा चिंचेला आणि पळसाला जवळचा. फळ मात्र पिवळे, रसाळ आणि गराचे, म्हणून नाव पडले. खरा आंबाही खोऱ्यात आहे, पण तो भारतीय उपखंडातून समुद्रमार्गे आफ्रिकेत गेलेला आणि गावांतल्या परसांत वाढलेला. त्याची गोष्ट पुढे येईल. म्फुवे लॉजच्या अंगणातले झाड हे रानाचेच होते आणि आहे, आणि सगळे प्रकरण या एका वाक्यावर उभे आहे.

हत्तीला ते कसे सापडते, हे विचारण्याची फारशी गरज नाही. आफ्रिकन हत्तीच्या शरीरात वास ओळखणाऱ्या ग्राहकांची सुमारे दोन हजार जनुके आहेत. माणसात ती चारशेच्या आसपास आणि कुत्र्यात आठशेच्या आसपास आढळतात. पण पहिल्यांदा वासाने सापडलेले झाड पुढच्या वर्षी वासाने शोधावे लागत नाही. कळपातील वयस्क मादी पाण्याच्या, क्षारांच्या आणि फळांच्या जागा लक्षात ठेवते, आणि तिच्या मागे चालणारी पिल्ले ती वाट पायांनी शिकतात. बावीस महिने गर्भात आणि त्यानंतर कित्येक वर्षे आईच्या सावलीत काढणाऱ्या प्राण्यात वाट ही शिकवली जाणारी गोष्ट असते.

वाट आधीची, इमारत नंतरची

लॉजची इमारत उभी राहिली ती नेमकी या वाटेवर. हे जाणूनबुजून झाले नाही, असे लॉजचे चालक सांगत आले आहेत, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण दिसत नाही. बांधकाम कोरड्या हंगामात चालते, आणि एखाद्या झाडाखाली वर्षातले पाचच आठवडे हत्ती येत असतील तर आराखडा काढणाऱ्याच्या ते ध्यानात येणे अवघडच. पहिल्या फळाच्या हंगामात हत्ती आले, त्यांना वाटेत एक मोठी, दोन्ही बाजूंनी मोकळी जागा दिसली, आणि ते तिच्यातून गेले. पायऱ्यांचा अडसर त्यांना वाटला नाही. ज्यांनी हत्तीला नदीची उभी दरड उतरताना पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. एवढ्या अवजड देहाचा हा प्राणी पाऊल टाकण्यापूर्वी जागा चाचपतो आणि मगच भार देतो.

या क्षणी चालकांसमोर तीन पर्याय होते. पहिला, झाड तोडणे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत हे शोभणारे नव्हतेच, आणि ते केले असते तरी कळप काही हंगाम त्याच जागी येऊन हुंगत उभा राहिला असता. दुसरा, स्वागतकक्षाला भिंत किंवा दरवाजा घालून वाट बंद करणे. तिसरा, वाट मोकळी ठेवून माणसांनी बाजूला होणे. त्यांनी तिसरा निवडला.

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो दिसतो त्यापेक्षा अवघड होता. दरवाजा लावणे हे कोणत्याही विमा कंपनीला, कोणत्याही वास्तुविशारदाला आणि घाबरलेल्या पाहुण्याला पटणारे उत्तर होते. परंतु हत्तीच्या बाबतीत अडथळा म्हणजे केवळ अडथळा राहत नाही. ओळखीची वाट अडवली आणि पलीकडे फळाचा वास येत असला तर हत्ती अडथळा ढकलून पाहतो. ढकलल्यावर तो पडला, की माणसाने बांधलेली वस्तू ढकलली असता पडते आणि मागे खाद्य मिळते, हा धडा त्याला मिळतो. हा धडा मिळालेला हत्ती पुढच्या वेळी स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी उभा असतो. म्फुवेच्या हत्तींना तो धडा कधी मिळालाच नाही, कारण त्यांना काही मोडावे लागले नाही.

तिसऱ्या पर्यायाची किंमत माणसांनी मोजायची होती, आणि ती शिस्तीच्या रूपाने मोजली जाते. हत्ती येताना दिसले की स्वागतकक्ष रिकामा केला जातो, पाहुण्यांना आणि हत्तींना वेगळे ठेवणारा अडसर मध्ये राहील अशा बेताने त्यांना मागे नेले जाते, आणि सरावलेले कर्मचारी तेवढे जवळ थांबतात. कोणी हत्तीला हात लावत नाही, कोणी त्याला फळ पुढे करत नाही. शेवटचा नियम सर्वांत साधा वाटतो, पण पुढे दिसेल की बाकी सगळे नियम त्याच्याच आधाराने टिकून आहेत.

सवय आणि चटक

वन्यप्राणी माणसाच्या जवळ येतो तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडत असू शकतात आणि आपण त्या दोन्हींना एकच नाव देऊन मोकळे होतो. एकीत प्राण्याला माणसाच्या असण्याची सवय होते: माणूस दिसतो, तो काही करत नाही, म्हणून प्राणी त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. दुसरीत प्राण्याला माणसाच्या अन्नाची चटक लागते: माणूस दिसला की खायला मिळते, म्हणून प्राणी त्याच्याकडे लक्ष देऊ लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रसंगी हत्ती सारखाच शांत, सारखाच जवळ दिसतो. आतून मात्र एकात माणूस हा झाडाझुडपासारखा आहे आणि दुसऱ्यात तो फळाच्या टोपलीसारखा आहे; टोपली रिकामी निघाली तर ती उलटी करून पाहिली जाणार.

चटक म्हणजे काय, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील ॲडो उद्यानाचे आहे. तिथल्या हत्तींना शेतकऱ्यांच्या तक्रारीवरून १९१९-२० मध्ये मेजर प्रिटोरियस नावाच्या शिकाऱ्याकरवी शंभराहून अधिक संख्येने मारण्यात आले, आणि १९३१ मध्ये उद्यान जाहीर झाले तेव्हा केवळ अकरा हत्ती हद्दीत उरले होते. उद्यानाला कुंपण नव्हते आणि आजूबाजूला संत्र्यांच्या बागा होत्या. हत्ती बागांत शिरू नयेत म्हणून त्यांना उद्यानातच संत्री आणि इतर खाद्य टाकण्याची पद्धत सुरू झाली. १९५४ मध्ये ग्रॅहॅम आर्मस्ट्राँग यांनी ट्रामचे जुने रूळ आणि लिफ्टचे पोलादी दोर वापरून हत्तीलाही न मोडणारे कुंपण उभारले आणि बावीस हत्ती २,२७० हेक्टर जागेत सुरक्षित झाले. येथे खाद्य टाकण्याचे मूळ कारण संपले होते. पण तोवर संध्याकाळी संत्र्यांची गाडी आली की रानात लपलेले हत्ती बाहेर येतात, हे पर्यटकांना ठाऊक झाले होते, आणि हत्ती दिसावेत म्हणून संत्री चालू राहिली.

परिणाम असा झाला की हत्ती त्या एका जागेभोवती गोळा होऊन राहिले, तिथली झुडपे तुडवली गेली, आणि गाडी येण्याच्या वेळेला त्यांच्यात धक्काबुक्की व चिडचिड वाढली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस संत्री बंद करण्यात आली. आज त्या उद्यानात सहाशेहून अधिक हत्ती आहेत, संत्री खाल्लेली पिढी बरीचशी काळाआड गेली आहे, आणि तरीही लिंबूवर्गातील कोणतेही फळ घेऊन आत जायला पर्यटकांना मनाई आहे. चटक लावायला एक हंगाम पुरतो. ती मोडली की नाही याची खात्री अर्ध्या शतकानेही देता येत नाही.

दुसरे उदाहरण लुआंग्वाच्या अधिक जवळचे आहे. झिम्बाब्वेतील माना पूल्स हे १९८४ पासून जागतिक वारसा स्थळ असलेले उद्यान झांबेझीच्या काठावर आहे. तिथल्या तळांना कुंपण नाही, लोक नदीकाठी तंबू ठोकतात, स्वतःचे जेवण स्वतः रांधतात, आणि अॅना वृक्षाच्या शेंगा खायला येणारे हत्ती तंबूंच्या मधून फिरतात. जोवर ते शेंगांसाठी येत होते तोवर सारे ठीक होते. पर्यटकांनी आणलेल्या संत्र्यांची गोडी ज्यांना कळली त्या हत्तींनी मात्र मोटारी उघडायला सुरुवात केली. बंद डिकीतला वास त्यांना बाहेरून येतो आणि मोटारीचा पत्रा त्यांच्या सुळ्यापुढे फारसा टिकत नाही. तिथेही फळांवर बंदी आली. लक्षात घेण्यासारखे हे की तळ तेच, हत्ती तेच, अंतरही तेच होते. बदलले ते केवळ खाद्य कोणाचे आहे हे.

म्फुवेचे प्रकरण या कसोटीवर ठेवून पाहिले की त्याचा उलगडा होतो. हत्ती स्वागतकक्षातून जातात, पण स्वागतकक्षात त्यांना काही मिळत नाही. जे मिळते ते झाड देते, तेही ठरावीक आठवड्यांतच. टेबलामागे उभा असलेला माणूस या व्यवहारात कोठेच नाही. तो तिथे आहे हे हत्तीण जाणते, कदाचित तो कोण आहे हेही ओळखते. केनियातील अंबोसेली येथे झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हत्तींना माणसांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले गेले, तेव्हा ज्यांच्याकडून भाल्याचा धोका असतो त्या मसाई पुरुषांच्या आवाजाने कळप गोळा होऊन मागे सरले; कांबा या शेतकरी जमातीतील पुरुषांच्या, तसेच मसाई स्त्रिया व मुलग्यांच्या आवाजाने त्यांनी तेवढी सावधगिरी दाखवली नाही. इतका बारकावा ज्या प्राण्याला कळतो, त्याने वर्षानुवर्षे त्याच कक्षातल्या त्याच शांत माणसांना निरुपद्रवी ठरवले असेल तर ते समजण्यासारखे आहे. याला मैत्री म्हणण्याची घाई मात्र करू नये. दुर्लक्ष हीच येथे सर्वांत चांगली अवस्था आहे.

पाहुण्यांचे ताट

पर्यटकांना हे पटवणे सोपे नसते, कारण ते हजारो रुपये खर्चून दुर्लक्ष करवून घ्यायला आलेले नसतात. खोऱ्यातील निवासांमध्ये जेवणाची जागा बहुधा तीन बाजूंनी उघडी, नदीकडे किंवा तळ्याकडे तोंड असलेली असते. सकाळी लवकर चहा व न्याहारी, दुपारचे जेवण, संध्याकाळच्या फेरीआधी चहा आणि अंधार पडल्यावर कंदिलाच्या उजेडातले जेवण, असा दिनक्रम असतो. म्हणजे दिवसातून चार वेळा उघड्यावर अन्न मांडले जाते, आणि त्यात फळे असतातच. प्रत्यक्षात ताटावर पहिला हल्ला हत्ती करत नाही, माकडे आणि बॅबून करतात. त्यांचा उपद्रव हसण्यावारी नेला जातो, पण माकडांना तुकडा टाकणारा पाहुणा हाच उद्या हत्तीपुढे केळे धरणारा पाहुणा असतो, म्हणून नियम माकडापासूनच सुरू करावा लागतो.

या भागातील चांगल्या निवासांत पाळल्या जाणाऱ्या पद्धती साध्या आहेत. खोलीत किंवा तंबूत फळ ठेवू देत नाहीत. स्वतःचे सामान घेऊन तळावर उतरणाऱ्यांना खाद्यपदार्थ भक्कम बंदिस्त जागेत ठेवायला सांगतात. स्वयंपाकघरातील उष्टे-खरकटे उघड्यावर पडू देत नाहीत. अंधार पडल्यानंतर पाहुण्याला जेवणाच्या जागेपर्यंत आणि तिथून परत खोलीपर्यंत सोबत दिली जाते, आणि वाटेत हत्ती चरत असेल तर जेवण थांबते, हत्ती थांबत नाही. जेवण उशिरा मिळाल्याची तक्रार करणारे पाहुणे असतात. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत पान मांडायला उशीर झाला की जसे तोंड होते, तसेच तिथेही होते. ती तक्रार ऐकून घेणे हा व्यवस्थापनाच्या कामाचा भागच समजावा.

शांतता ही कायमची नसते, याची आठवणही याच उद्यानाने दिली आहे. जुलै २०२५ मध्ये दक्षिण लुआंग्वात पायी फिरणाऱ्या दोन वृद्ध परदेशी महिलांवर पिल्लासोबत असलेल्या हत्तिणीने चाल केली आणि सोबतच्या माणसांनी गोळ्या झाडूनही त्या दोघी वाचल्या नाहीत. तिथे अन्नाचा संबंध नव्हता; संबंध होता तो पिल्लाशी आणि अंतराशी. म्फुवेच्या स्वागतकक्षातून जाणाऱ्या कळपातही पिल्ले असतात. मोकळ्या रानात हत्तीण चिडली तर तिला वळायला जागा असते. छपराखाली, खांबांच्या मधे, दोन्हीकडे माणसे असताना ती घाबरली तर काय होईल, याचा विचार हे दृश्य पाहून टाळ्या वाजवणाऱ्याने करावा. कोणाच्या हातातून थाळा पडला, एखादे मूल किंचाळले, कॅमेऱ्याचा दिवा पिल्लाच्या डोळ्यांवर चमकला, एवढेही पुरू शकते. शिवाय माजावर आलेला नर, गंडस्थळातून मद पाझरत असलेला, हा कुटुंबाच्या मागोमाग येऊ शकतो, आणि त्याला वाकडदंतीचा पिढीजात संयम बांधील नसतो. आजवर काही घडले नाही, हा व्यवस्थेच्या बाजूचा चांगला पुरावा आहे; पुढे काही घडणार नाही, याची ती हमी नाही.

नदीच्या दुसऱ्या काठावर

म्फुवेचा पूल ओलांडून उद्यानाबाहेर आले की काकुम्बी प्रमुखाचा मुलूख लागतो. येथील लोक प्रामुख्याने कुंदा आहेत, आणि बोलण्यात न्यांजा भाषा सर्वत्र चालते. तिच्यात हत्तीला 'न्जोवू' म्हणतात. मक्याची शेते, मातीच्या भिंतींची धान्यकोठारे आणि परसात आंब्याची झाडे, या वेळी आपलाच ओळखीचा आंबा. तो जवळजवळ त्याच दिवसांत पिकतो ज्या दिवसांत लॉजच्या अंगणात जंगली आंबा पिकतो. हत्ती नदी ओलांडून त्यासाठीही येतात, रात्री येतात, आणि पावसाळ्याच्या शेवटी मका तयार झाला की पुन्हा येतात.

एकाच खोऱ्यातला एकाच प्रकारच्या फळासाठी येणारा हत्ती पश्चिमेच्या काठावर छायाचित्राचा विषय होतो आणि पूर्वेच्या काठावर कुटुंबाच्या वर्षभराच्या पोटावर पाय देतो. ज्या वाचकांनी दोडामार्ग किंवा तिलारी परिसरात २००२ पासून कर्नाटकातून उतरणाऱ्या हत्तींनी केळीच्या बागा आणि माड कसे भुईसपाट केले ते पाहिले आहे, त्यांना दुसऱ्या काठाविषयी वेगळे सांगायला नको. लुआंग्वात संवर्धन संस्था आणि शेतकरी मिळून मिरचीचा उपयोग करतात: शेताभोवती मिरची लावलेली कुंपणे, रात्री राखण करताना मिरचीची पूड फुटून उधळेल असे गोळे, आणि हत्तीला सोंड घालता येणार नाही अशी पक्क्या बांधणीची धान्यकोठारे. कोठारांचा उपाय मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण निवासाच्या स्वयंपाकघराला जे तत्त्व लागू आहे तेच त्याने झोपडीला लागू केले आहे: हत्तीला माणसाच्या साठ्यातून पहिला घास मिळूच द्यायचा नाही.

परंतु दोन्ही काठांत एक फरक कोणत्याही मिरचीने भरून निघत नाही. लॉज वाट मोकळी ठेवू शकले, कारण वाटेवर टेबल-खुर्च्यांखेरीज काही नव्हते आणि हत्ती जवळून जाण्यातून लॉजला प्रसिद्धी मिळत होती. शेतकऱ्याच्या वाटेवर मका उभा असतो. तिसरा पर्याय निवडण्याची चैन त्याला नाही. म्हणून म्फुवेचे उदाहरण 'माणूस आणि हत्ती एकत्र राहू शकतात' या व्यापक विधानासाठी पुढे केले जाते तेव्हा ते मला खटकते. ते विधान खरे असेलही, पण त्याचा पुरावा स्वागतकक्षात शोधणे म्हणजे हवेलीतील दिवाणखान्यावरून गावाची घरपट्टी ठरवण्यासारखे आहे.

अनुकरणाचा प्रश्न

या प्रसिद्धीनंतर दुसऱ्या एखाद्या निवासाला असे काही घडवून आणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. अंगणात फळझाड लावावे, हंगामाबाहेर थोडी फळे विकत आणून खाली पसरावीत, क्षाराचा दगड ठेवावा, पाण्याचा हौद जेवणाच्या ओट्याजवळ घ्यावा. यांतील पाण्याचा मार्ग आफ्रिकेत अनेक ठिकाणी जुनाच आहे आणि तुलनेने निरुपद्रवी ठरला आहे, कारण पाणी हे माणसाच्या हातचे किंवा ताटातले म्हणून हत्ती ओळखत नाही. फळांचा मार्ग मात्र ॲडोच्या गाडीकडेच जातो. विकत आणून पसरलेले फळ आणि झाडावरून पडलेले फळ यांत पाहुण्याला फरक दिसणार नाही. हत्तीला दिसेल, कारण एकाला माणसाच्या हाताचा वास असेल आणि दुसऱ्याला नसेल.

म्फुवे येथे जुळून आलेल्या गोष्टी मुद्दाम जुळवता येण्यासारख्या नाहीत. झाड इमारतीपूर्वीचे होते. वाट झाडाइतकीच जुनी होती. कळपाच्या पुढे अनुभवी, संथ स्वभावाची मादी होती, आणि तिच्या मागे येणाऱ्यांनी वाटेसोबत तिचा संथपणाही उचलला. फळ वर्षातून एकदाच येत होते, म्हणून उरलेल्या साडेदहा महिन्यांत अपेक्षा निर्माण होण्याला वाव नव्हता. आणि चालकांनी पहिल्याच हंगामात आपण होऊन बाजूला होण्याचा निर्णय घेतला. यांतील शेवटची एकच गोष्ट माणसाच्या हातात होती.

झाड कधीतरी पडेल. तोवर आणि त्यानंतरही, माझ्या मते, लॉजने एक साधी नोंदवही ठेवली पाहिजे, जिच्यात छायाचित्रांपेक्षा तारखांना महत्त्व असेल: वर्षातील पहिले फळ कधी पडले, पहिली फेरी कधी झाली, फेरीत किती हत्ती होते, त्यांत कोणता नर होता का, शेवटचे फळ कधी संपले, आणि शेवटची फेरी कधी झाली. पहिल्या चार नोंदी कुतूहलाच्या आहेत. शेवटच्या दोन तारखांमधले अंतर मात्र दर वर्षी तपासून पाहावे लागेल. फळ संपल्यावर कळपाने दोन-चार दिवस येऊन रिकामे झाड हुंगावे, हे अपेक्षितच आहे. जानेवारीत, रान हिरवेगार असताना, झाडावर काहीही नसताना एखादा हत्ती त्या पायऱ्या चढून आला आणि अंगणाकडे न जाता टेबलापाशी थांबला, तर त्या दिवसापासून हे प्रकरण वेगळे धरावे लागेल.